हरिहरवर अपघात झाला तर हेलिकॉप्टरला नेमकी जागा कशी सांगायची?

तुम्ही विचारलंय की नाशिकजवळच्या हरिहर किल्ल्यावर कुणी जायबंदी झालं तर गुगल मॅपवरचं लोकेशन पुरेल का, आणि डोंगराआड गेलेल्या हेलिकॉप्टरशी संपर्क कसा राहतो.

लोकेशन पुरतं, घोळ होतो तो आकडे उतरवून घेताना. गुगल मॅप दशांश अंश दाखवतो: हरिहर साधारण १९.९०५ उत्तर, ७३.४७२ पूर्व. हवाई बचावात सहसा अंश आणि मिनिटं चालतात. दशांशानंतरचा भाग ६० ने गुणायचा: ०.४७२ × ६० = २८.३२, म्हणजे ७३ अंश २८.३२ मिनिटं. घाईत कुणी ते ‘७३ अंश ४७.२ मिनिटं’ असं लिहिलं, तर हेलिकॉप्टर ३३ किलोमीटर पूर्वेला, नाशिक शहराच्या दक्षिणेला घिरट्या घालत बसेल. अक्षांशात ही चूक लगेच सापडते, कारण ९०.५ मिनिटं असतच नाहीत. रेखांशात मात्र ती बिनबोभाट खपून जाते. म्हणून ‘अंश’, ‘मिनिटं’ हे शब्द तोंडाने म्हणा, आकडे एकेक करून सांगा, समोरच्याकडून परत वदवून घ्या. सोबत खूणही द्या: ‘निरगुडपाड्याकडून येताना, कोरीव पायऱ्यांच्या तळाशी’.

रेंज नसली तरी फोनचा जीपीएस चालतो, फक्त पहिल्यांदा जागा पकडायला काही मिनिटं घेतो. तेव्हा कड्याला चिकटून उभं राहू नका, कातळावर आपटून आलेला सिग्नल जागा बरीच सरकवतो. उंचीच्या आकड्यावर विसंबू नका. काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची देतच नाहीत, आणि आपल्या भागात त्यांचा आकडा साठेक मीटर कमी येतो. मग रेंज मिळेल तिथवर एकाला पाठवून ११२ ला कळवा. हेलिकॉप्टरची मागणी प्रशासनामार्फतच जाते.

आता हेलिकॉप्टरचं. त्यातला बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत चालतो, मध्ये डोंगराची धार आली की बंद. अशा वेळी उपग्रहावरचा ट्रॅकर ठरावीक वेळाने जागा कळवत राहतो. त्याचा अँटेना पंख्याखाली बसवला तर फिरती पाती सिग्नल तोडतात, म्हणून शक्यतो शेपटीच्या दांड्यावर बसवतात. ट्रॅकर इन्मारसॅट या उपग्रह-सेवेवर चालणारा असेल, तर तिचे उपग्रह विषुववृत्तावर असल्याने नाशिकहून दक्षिणेचं आकाश मोकळं लागतं.

हेलिकॉप्टरच कोसळलं तर त्यातला ईएलटी, म्हणजे धडकेने आपोआप सुरू होणारं इशारा-यंत्र, ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाकडे साधारण ५० सेकंदांनी इशारा सोडतो. भारतात तो बंगळुरूच्या केंद्रात पोहोचतो. त्याची दुसरी लहर, १२१.५ मेगाहर्ट्झ, उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकणं सोडलंय, ती लहर आता जवळ पोहोचल्यावर माग काढण्यापुरती. धडकेत अँटेनाची वायर तुटली तर यंत्र ओरडत राहतं आणि वर काहीच पोहोचत नाही.

आणि हो, परदेशातून इरिडियम किंवा थुरायाचा उपग्रह-फोन आणायचा विचार असेल तर सोडा. विनापरवाना तो जवळ बाळगणंही गुन्हा आहे, इरिडियमवर चालणारं इनरीच हे संदेश-यंत्रही त्यातच आलं.