पीएलएस कॅलिब्रेशनमध्ये संवेदनशीलता आणि प्रिसिजन कशी मोजावी?

आपण विचारले आहे की, एकाच तरंगलांबीवर काम करताना कॅलिब्रेशन रेषेचा चढ हीच संवेदनशीलता असते, तर गोळीतील पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र मोजण्यासाठी संपूर्ण यूव्ही (अतिनील) वर्णपटावर पीएलएस (अनेक तरंगलांबींच्या संकेतांवरून एकत्रितपणे सांद्रता काढणारी सांख्यिकी पद्धत) चालवल्यावर तो चढ कुठे शोधायचा, आणि आरएमएसईपी (मॉडेलच्या अंदाजांतील चुकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) दिला म्हणजे प्रिसिजन (पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकडे एकमेकांच्या किती जवळ येतात ते) दिली असे होते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. पहिल्याचे जरा विस्ताराने द्यावे लागेल.

क्षारीय द्रावणात २५७ नॅनोमीटरला पॅरासिटामॉलचे एक टक्का द्रावणाचे, एक सेंटिमीटर मार्गाचे अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला याचे माप) ७१५ धरले जाते. म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम वाढले की अ‍ॅब्सॉर्बन्स ०.०७१५ ने वाढते. द्रावणात दुसरे काही नसेल तर ही संवेदनशीलता पूर्णपणे आपल्या हाती असते. परंतु कॅफीनचे शिखर २७३ नॅनोमीटरच्या आसपास असल्याने दोन्ही वर्णपट एकमेकांवर चढतात, आणि जो संकेत कॅफीनमुळेही येऊ शकला असता तो पॅरासिटामॉलच्या खात्यावर मांडता येत नाही. रसायनशास्त्रज्ञ लॉर्बर यांनी १९८६ मध्ये हा विचार भूमितीच्या भाषेत मांडला: वर्णपट हा सदिश मानावा, आणि त्याचा जो घटक इतर सर्व द्रव्यांच्या वर्णपटांना लंब असेल तेवढाच निव्वळ संकेत समजावा. दोन शुद्ध वर्णपटांमधील कोन ३० अंशांचा असेल, तर निव्वळ संकेत मूळ लांबीच्या निम्माच उरतो. हे गुणोत्तर म्हणजे निवडकता होय.

पीएलएसमध्ये हा लंब घटक वेगळा काढत बसण्याची गरज नसते. सॉफ्टवेअर प्रत्येक द्रव्यासाठी जो प्रतिगमन सदिश (प्रत्येक तरंगलांबीच्या संकेताला गुणायच्या गुणांकांची यादी) देते, त्याच्या लांबीचा व्यस्त म्हणजेच संवेदनशीलता. म्हणून पीएलएस वर्णपटातून काढत असलेल्या फॅक्टर्सची संख्या वाढवत नेताना या लांबीवर लक्ष ठेवावे, असा माझा आग्रह असतो. कॅलिब्रेशनमधील चूक कमी होत असताना सदिश झपाट्याने लांब होऊ लागला, तर मॉडेल गोंगाट (संकेतातील यादृच्छिक चढउतार) पाठ करू लागले आहे असे समजावे.

मात्र या आकड्याची तुलना जपून करावी. तरंगलांबीचे बिंदू दुप्पट घेतले की सदिशाची भूमितीच बदलते आणि संवेदनशीलता सुमारे १.४ पट दिसते, पण शेजारच्या बिंदूंचा गोंगाट परस्परसंबद्ध असेल तर प्रत्यक्ष लाभ तेवढा नसतो. वर्णपटाचे अवकलन केले तर एककच बदलते. यावर उपाय असा की, त्याच प्रक्रियेनंतर उरणाऱ्या संकेताच्या गोंगाटाने संवेदनशीलतेला भागावे. या भागाकाराचा व्यस्त म्हणजे ओळखता येणारा सर्वांत लहान सांद्रतेतील फरक, आणि तो मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येत असल्याने कोणत्याही दोन पद्धतींमध्ये ताडून पाहता येतो.

प्रिसिजनच्या बाबतीत आरएमएसईपीची अडचण अशी की, त्यात मॉडेलचा बायस (एकाच दिशेने होणारी ठरावीक चूक) आणि संदर्भपद्धतीची स्वतःची चूक, दोन्ही मिसळलेली असतात. मी सुरुवातीला क्युव्हेट (द्रावण ठेवण्याची कुपी) न हलवता दहा स्कॅन घेऊन मिळालेल्या विचलनालाच प्रिसिजन म्हणत असे. तो फक्त उपकरणाचा गोंगाट होता. गोळ्यांची पूड पुन्हा तोलून, द्रावण नव्याने करून, वेगवेगळ्या दिवशी मोजल्यावर आकडा बराच मोठा निघाला, आणि खरा तोच होता. सैद्धांतिक अंदाज हवा असेल तर संकेताच्या गोंगाटाला प्रतिगमन सदिशाच्या लांबीने गुणावे आणि कॅलिब्रेशन संचाच्या मध्यापासून दूर असलेल्या नमुन्यांसाठी लिव्हरेजचा (त्या दूरपणाच्या मापाचा) हिस्सा मिळवावा. तोलण्यातील चूक त्यात येत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

आणखी एक सांगतो. ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलमागे ६५ मिलिग्रॅम कॅफीन असलेल्या गोळीत दोघांची संवेदनशीलता समान आली, तरी तेवढ्याच गोंगाटाची सापेक्ष चूक कॅफीनसाठी जवळजवळ ७.७ पट होते. तेव्हा अहवालात दोन्ही द्रव्यांचे आकडे स्वतंत्र द्यावेत. सरासरी काढून एकच आकडा देऊ नये.