फुजी एक्स१००सिक्स की रिको जीआर थ्रीएक्स? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

लेन्स बदलता न येणारा, पण गंभीर कामाचा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की बहुतेक वाचक या दोन नावांपाशी येऊन अडतात. २०२४ चा फुजीफिल्म एक्स१००सिक्स आणि २०२१ चा रिको जीआर थ्रीएक्स. दोघांतही एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान, बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये असतो तो) सेन्सर आहे आणि दोघांतही झूम नाही. कागदावर सारखे दिसणारे हे कॅमेरे हातात घेतल्यावर मात्र फार वेगळे निघतात.

प्रश्न : माझ्याकडे डीएसएलआर आणि १८-५५ किट लेन्स आहे. वजनामुळे तो घरीच राहतो. या दोघांतला कोणता घेऊ? ३५ आणि ४० मिलिमीटर यांत खरंच काही फरक पडतो का?

सेन्सर आणि मेगापिक्सेल क्षणभर बाजूला ठेवा. लेन्स कायमची चिकटलेली आहे, त्यामुळे पहिला निर्णय फोकल लेंथचा, म्हणजे लेन्स किती रुंद दृश्य पकडते याचा; आकडा लहान तितकं दृश्य रुंद. फुजीची लेन्स २३ मिलिमीटर एफ २ (एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्स किती उघडते ते; आकडा लहान तितका उजेड जास्त), म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात ३५. रिकोची २६.१ मिलिमीटर एफ २.८, म्हणजे ४०. आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो. पण छोट्या खोलीत चार माणसं बसवून फोटो काढायचा असेल, तर ४० ला पाठ भिंतीला टेकते आणि ३५ ला कडेचा माणूसही बसतो. उलट एकाच माणसाचा कमरेपासून वरचा फोटो काढताना ४० ला आजूबाजूचा पसारा आपोआप कमी होतो.

याची परीक्षा तुमच्याच कॅमेऱ्यावर होते आणि तिला पैसे लागत नाहीत. झूम रिंग २३ च्या खुणेवर आणा, कागदी चिकटपट्टी लावून पक्की करा आणि एक आठवडा तसेच फोटो काढा. पुढचा आठवडा २६ वर. खूण नसेल तर एक फोटो काढून त्याच्या माहितीत आकडा बघा. सारखं मागे सरकावं लागत असेल तर ३५, सारखं पुढे जावं लागत असेल तर ४०. दोन्ही अरुंदच वाटले तर २८ मिलिमीटरवाला जीआर थ्री किंवा २०२५ चा जीआर फोर बघा. आणि ५५ ची आठवण रोज येत असेल, तर तुम्हाला झूम हवा आहे. यातला कोणताही कॅमेरा घेऊ नका.

वजनाचा मुद्दा तुम्हीच काढलात. फुजी बॅटरी आणि कार्डासह ५२१ ग्रॅम, जाडी ५५.३ मिलिमीटर. रिको २६२ ग्रॅम आणि ३५.२ मिलिमीटर. रिको पँटच्या खिशात मावतो. फुजी गळ्यात किंवा पिशवीत राहतो. डीएसएलआर घरी राहण्याचं कारण ‘पिशवी घ्यावी लागते’ हे असेल, तर फुजीही काही महिन्यांत कपाटात जाईल. हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा, बाकीची तुलना त्यानंतर.

प्रश्न : वय पंचेचाळीसच्या पुढे, चाळिशीचा चष्मा आहे. रिकोला व्ह्यूफाइंडर नाही म्हणतात. अडचण होईल का?

होईल, आणि ही गोष्ट तुलनांमध्ये फार क्वचित येते. रिकोत फोटो जुळवायचा तो फक्त मागच्या पडद्यावर. पडदा पक्का बसवलेला आहे, वळत नाही. चाळिशी असलेल्याला तो हात लांब करून धरावा लागतो, आणि लांबवलेल्या हातात कॅमेरा जास्त हलतो. उन्हात पडदा फिका दिसतो. मेनूत आउटडोअर व्ह्यू नावाची सोय आहे, ती सर्वांत उजळ पायरीवर नेली की सुधारणा होते, पण दुपारच्या उन्हावर पूर्ण मात होत नाही.

फुजीच्या व्ह्यूफाइंडरला नजरेचा नंबर जुळवायची सोय आहे, त्यामुळे अनेकांना फोटो काढताना चष्मा चढवावा लागत नाही. शिवाय तो दोन प्रकारचा आहे. पुढचा खटका ओढला की काचेतून थेट दृश्य आणि त्यावर चौकट, पुन्हा ओढला की इलेक्ट्रॉनिक पडदा. काचेचा व्ह्यूफाइंडर लेन्सच्या शेजारी आहे, लेन्समधून नाही. म्हणून वस्तू जवळ असली की जे दिसतं आणि जे येतं त्यात अंतर पडतं. मीटरभराच्या आत काम असेल तर सरळ इलेक्ट्रॉनिकवर जा. तुमच्या परिस्थितीत माझं मत फुजीकडे झुकतं.

प्रश्न : संध्याकाळी घरात लहान मुलांचे फोटो हलतात. फुजीचं सहा स्टॉपचं स्टॅबिलायझेशन घेतलं की प्रश्न सुटेल का?

नाही. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं. समोरचं मूल थांबवणं त्याच्या हातात नाही. कंपनीच्या दाव्यानुसार फुजीत सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि रिकोत चार स्टॉप सावरले जातात. उभी इमारत किंवा टेबलावरची वस्तू यासाठी ते सोन्यासारखं आहे. पण खेळणाऱ्या मुलासाठी शटर किमान १/१२५ सेकंद, धावत असेल तर १/२५० लागतोच.

इथे कामाला येतो तो लेन्सचा एक स्टॉप. ज्या उजेडात फुजीला एफ २, १/१२५ आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० लागतो, तिथे रिकोला एफ २.८ मुळे आयएसओ ३२०० लागतो. हा फरक जाणवतो, पण फोटो बिघडवणारा नाही. अंधुक उजेडात रिकोचा ऑटोफोकस चाचपडतो, हा त्याहून मोठा अडथळा आहे. फुजीचा फोकस त्या मानाने ठाम असला, तरी त्याची लेन्सही चपळ म्हणावी अशी नाही.

दोन्हींत ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर स्पीड ठरवता येतो. तो १/१२५ करा आणि आयएसओची वरची मर्यादा ६४०० वर ठेवा. बहुतेक हललेल्या फोटोंचं मूळ कारण ही न बदललेली सेटिंग असते.

एक इशारा. फुजीत ४० मेगापिक्सेल आहेत, रिकोत २४. फुजीचा फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठा करून पाहिला की तीच थरथर जास्त दिसते. छापील फोटोत ती तेवढीच असते, तेव्हा घाबरू नका.

प्रश्न : रस्त्यावर चालत्या माणसांचे फोटो काढताना ऑटोफोकस पोहोचेपर्यंत क्षण निघून जातो.

मग ऑटोफोकस वापरूच नका. जीआर मालिकेची खरी ओळख स्नॅप फोकस आहे. आधी अंतर ठरवून ठेवायचं. मेनूत फुल प्रेस स्नॅप चालू करा आणि अंतर २.५ मीटर द्या. आता बटण अर्धं दाबलं तर नेहमीसारखा ऑटोफोकस, आणि न थांबता एकदम खोल दाबलं तर कॅमेरा थेट २.५ मीटरवर फोटो घेतो. फोकस शोधण्यात वेळच जात नाही.

अ‍ॅपर्चर मात्र विचारपूर्वक निवडा. एफ ८ ला, २.५ मीटरवर, जीआर थ्रीएक्समध्ये साधारण १.६ ते ६ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ ५.६ ला हा पट्टा आक्रसून १.८ ते ४.२ होतो. एफ २.८ ला स्नॅप फोकस वापरला तर अर्धे फोटो पुसट येतील, आणि दोष कॅमेऱ्याचा नसेल. २८ वाल्या जीआर थ्रीत हेच गणित फार उदार आहे : एफ ८ ला २ मीटरवर ठेवलं की जेमतेम एका मीटरपासून रस्त्याच्या टोकापर्यंत सगळं येतं. निव्वळ रस्त्यावरच्या फोटोंसाठी अनेक जण २८ लाच धरून राहतात ते यामुळेच.

दिवसा एफ ८, किमान शटर १/५०० आणि ऑटो आयएसओ, एवढं पुरे. २.५ मीटर डोळ्यांनी ओळखायची सवय मात्र लावून घ्या. आपली मोठी तीन पावलं साधारण तेवढी भरतात. एकदा टेप लावून स्वतःची पावलं मोजा.

फुजीतही हे जमतं, फक्त थोडं आडवळणाने. फोकसचा खटका एम वर, अंतर २.५, एफ ८. हिशेबाने १.४ ते १० मीटर स्पष्ट यायला हवं, पण पडद्यावरची पट्टी फारच छोटा पल्ला दाखवते. कारण ती मुळात पिक्सेलच्या कसोटीवर मोजते. मेनूत डेप्थ ऑफ फील्ड स्केल फिल्म फॉरमॅट बेसिसवर करा, पट्टी रुंदावेल. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर मात्र लावू नका. ४० मेगापिक्सेलचा हा सेन्सर वाचायला वेळ घेतो, त्यामुळे जवळून जाणारी गाडी तिरकी येते आणि एलईडी दिव्याखाली पट्टे उमटतात. याचं लीफ शटर (लेन्समध्येच बसवलेलं यांत्रिक शटर) तसंही जेमतेम ऐकू येतं.

प्रश्न : भर दुपारी एफ २ ला फोटो पांढरा पडतो. कॅमेरा बिघडला का?

बिघडलेला नाही. लख्ख उन्हात आयएसओ १२५ ला एफ १६ आणि १/१२५ असा हिशेब बसतो. एफ २ म्हणजे सहा स्टॉप जास्त उजेड, म्हणून शटर हवं १/८०००. यांत्रिक शटर १/४००० वर थांबतं. फुजीत चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) आतच आहे. तो लावला की तेच एक्स्पोजर १/५०० ला मिळतं. रिकोत दोन स्टॉपचा आहे. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला रिकोचं शटर १/४००० पर्यंत जात नाही, त्यामुळे तिथेही तो लागतोच. एनडी एखाद्या बटणावर घ्या आणि घरात शिरताना आठवणीने बंद करा. फुजीचा छोटा फ्लॅशही एनडीमुळे चार स्टॉपने दुबळा होतो. रिकोत अंगचा फ्लॅश नाहीच.

प्रश्न : पाऊस आणि धूळ यांत कोण टिकेल? आणि वापरलेला जीआर घेताना काय तपासू?

रिकोला पाण्यापासून संरक्षण नाही. फुजीलाही जसा डब्यातून निघतो तसा पुरेसं नाही, कारण लेन्सच्या तोंडाशी फट उघडी असते. तिथली शोभेची रिंग फिरवून काढा, एआर-एक्स१०० अ‍ॅडॉप्टर रिंग बसवा आणि तिच्यावर ४९ मिलिमीटरचा फिल्टर घट्ट लावा. फिल्टरशिवाय नुसती रिंग लावून उपयोग नाही. एवढं केल्यावर रिमझिम चालते. मुसळधार पाऊस नाही.

धूळ हा जीआरचा जुना दुखरा भाग. कॅमेरा चालू-बंद करताना लेन्स आतबाहेर होते, तिच्याबरोबर हवा ओढली जाते आणि कण सेन्सरवर बसतो. लेन्स निघत नसल्यामुळे तो घरी पुसता येत नाही, कॅमेरा खोलावा लागतो. वापरलेला घेताना एफ १६, आयएसओ १०० ठेवा आणि फोकस अगदी जवळ लावून कोऱ्या आकाशाचा फोटो काढा. तो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. करडे गोल ठिपके दिसले तर मेनूतून डस्ट रिमूव्हल चार-पाच वेळा चालवा आणि पुन्हा फोटो काढा. ठिपके त्याच जागी राहिले तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

प्रश्न : व्हिडिओ आणि बॅटरी?

व्हिडिओ खरोखर हवा असेल तर फुजी : ६.२के, आणि ४के असेल तर सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत. रिको फुल एचडीवरच थांबतो. बॅटरी दोघांचीही बेताची. मोजमापाच्या ठरलेल्या पद्धतीने रिको २०० फोटो, फुजी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरवर ३१० आणि काचेच्या व्ह्यूफाइंडरवर ४५०. रिकोबरोबर दोन जादा बॅटऱ्या ठेवा, फुजीबरोबर एक. दोन्ही यूएसबी-सीने चार्ज होतात, त्यामुळे प्रवासात पॉवर बँक चालते.