संध्याकाळी एलईडी दिवे लावले की नेट तुटतं, असं खरंच होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या घरी हॉलचं पीओपी करून घेतलं, छताच्या कडेनं एलईडीच्या पट्ट्या लावल्या आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी नेट सारखं तुटतं. लाइनमन सकाळी येतो, लाइन तपासतो आणि ‘सगळं ओके आहे’ म्हणून निघून जातो. दिव्यांमुळे असं होतं का, की हा योगायोग, असं तुम्ही विचारलंय.

होतं. आमच्याच घरी झालं होतं. मात्र नेट तुमच्या घरात कशातून येतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. लाइनमनचा उल्लेख आहे म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड असावं, असं धरून लिहितो. फायबरचं शेवटी सांगतो.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पॉवर सप्लाय बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात 22 वर्षं काम केलं. त्यामुळे पहिलं हे सांगतो की एलईडी बिचारा निर्दोष असतो. गडबड करतो तो त्याच्यामागचा ड्रायव्हर. घरात येणारी वीज 230 व्होल्टची एसी आणि एलईडीला लागते कमी व्होल्टची डीसी. ड्रायव्हर आधी त्या एसीची साधारण 325 व्होल्टची डीसी करतो आणि मग एका ट्रान्झिस्टरनं ती सेकंदाला 50 हजार, लाख, कधी त्याहूनही जास्त वेळा तोडतो-जोडतो. अशा तोडजोडीमुळेच एवढासा डबा एवढं काम करू शकतो. पण प्रत्येक वेळी वीज झटक्यात तुटते तेव्हा त्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट, शंभरपट अशा फ्रिक्वेन्सींचा कचराही तयार होतो आणि तो वायरिंगमध्ये उतरतो. तुमच्या छताभोवती फिरलेली ती लांबलचक पट्टी मग अँटेनासारखी वागायला लागते.

आता टेलिफोनच्या तारेवरचं नेट कुठल्या फ्रिक्वेन्सींवर चालतं ते बघा. त्याचे मुख्य प्रकार तीन. एडीएसएल 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत, एडीएसएल 2 प्लस 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत आणि व्हीडीएसएल 17 मेगाहर्ट्झपर्यंत, काही ठिकाणी तर 30 पर्यंत. म्हणजे ड्रायव्हरचा कचरा जिथे पडतो, बरोबर तिथेच.

चांगल्या ड्रायव्हरमध्ये हा कचरा आतच अडवायला फिल्टर असतो. एक कॉइल आणि एक-दोन कपॅसिटर, एवढंच. स्वस्त मालात पहिली कात्री त्यालाच लागते, कारण फिल्टर नसला तरी दिवा तितकाच लख्ख लागतो आणि गिऱ्हाइकाला काही कळत नाही.

आमच्याकडे 2017 साली झालं ते सांगतो. ठाण्यात नौपाड्यातली जुनी इमारत, तिसरा मजला, टेलिफोनवरचं ब्रॉडबँड. गणपतीच्या मखराला लावलेली एलईडीची पट्टी विसर्जनानंतर बायकोनं देव्हाऱ्यात लावून घेतली. त्याच आठवड्यापासून संध्याकाळी सातच्या सुमारास नेट तुटायला लागलं आणि रात्री अकराला आपोआप सुधारायचं. लाइनमन दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सकाळी. त्याचंही बरोबर होतं, सकाळी लाइन खरोखरच स्वच्छ असायची.

छडा लागला तो बाबांच्या ट्रान्झिस्टर रेडिओमुळे. आई सांजवात लावायची आणि मग पट्टीचं बटण दाबायची. बाबा त्या वेळी गॅलरीत मीडियम वेव्हवर अस्मिता वाहिनी लावून बसलेले असायचे. ‘सात वाजले की रेडिओ खरखरतो रे,’ असं ते आठवडाभर सांगत होते. एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. आत बटण दाबल्याचा टक्‌ आवाज आला आणि त्याच क्षणी बातम्यांवर भुंग्यासारखी घरघर चढली. मी ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरभर फिरलो. स्वयंपाकघरात घरघर कमी, पॅसेजमध्ये जास्त आणि देव्हाऱ्यापाशी तर निवेदकाचा एक शब्द कळेना. देव्हाऱ्याच्या मागूनच टेलिफोनची चपटी वायर गेली होती, दिव्याच्या वायरबरोबर एकाच प्लास्टिकच्या पट्टीतून.

त्या पट्टीचा अडॅप्टर, म्हणजे तिचा ड्रायव्हरच, मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन उघडला. बोर्डावर फिल्टरच्या कॉइलची जागा पांढऱ्या रेषांनी नीट छापलेली होती, कपॅसिटरचीही. कॉइलच्या जागी मात्र तारेचा एक छोटा तुकडा डाखलेला आणि कपॅसिटरची भोकं रिकामी. ज्यानं डिझाइन केलं त्याला काय लागतं ते पक्कं माहीत होतं, बनवताना कोणीतरी ते गाळलं. इतकी वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला ते बघून वाईट वाटतं.

तुम्ही हीच परीक्षा करा. बॅटरीवर चालणारा, मीडियम वेव्ह असलेला साधा रेडिओ कोणाकडून तरी मागून आणा. मोबाइलमधला एफएम चालणार नाही, तो 88 ते 108 मेगाहर्ट्झवर असतो आणि ही घरघर त्याला सहसा ऐकूच येत नाही. मीडियम वेव्ह 531 ते 1602 किलोहर्ट्झ, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं नेट जिथे चालतं त्याच भागात. रेडिओला जे ऐकू येतं, तेच मोडेमला ऐकू येतं. दोन स्टेशनांमधली मोकळी जागा लावा, दिवे बंद करा आणि मग एकेक बटण चालू करत जा.

त्याच्या जोडीला मोडेमचे आकडे बघा. ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाका, बहुतेक वेळा तो 192.168.1.1 असतो. आत डीएसएल स्टेटसच्या पानावर नॉइज मार्जिन, म्हणजे सिग्नल कचऱ्याच्या किती वर आहे तो आकडा, डेसिबलमध्ये दिलेलं असतं. ते 6 च्या खाली घसरायला लागलं की लाइन डळमळीत समजायची. आमच्याकडे सकाळी 12 असायचं आणि पट्टी लागली की 4. दिवे लावल्यावर दहा मिनिटं थांबून सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजदाद, किती वाढल्या तेही लिहून ठेवा. असा कागद हातात असला की लाइनमनशी बोलणं एकदम वेगळं होतं, आणि त्याला संध्याकाळीच बोलवा.

घरातले सगळे दिवे बंद करूनही घरघर राहिली तर उगम शेजारी असू शकतो. वेल्समधल्या अ‍ॅबरहोसान नावाच्या छोट्या गावात 18 महिने रोज सकाळी सातला सगळ्या गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. शेवटी 2020 मध्ये इंजिनिअरांनी मीटर घेऊन गाव पालथं घातलं, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला. तो रोज सातला चालू व्हायचा. आपल्याकडे तर भिंतीला भिंत. शेजाऱ्यांकडे जावं लागलं तर रेडिओ बरोबर घेऊन जा आणि त्यांच्याच हातानं बटण दाबायला सांगा. स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर माणूस वाद घालत नाही.

उपाय महाग नाहीत. छतातला ड्रायव्हर बदलून चांगल्या कंपनीचा घ्या आणि त्याच्या माहितीपत्रकात सीआयएसपीआर 15 लिहिलंय का ते बघा. दिव्यांच्या उपकरणांनी किती कचरा बाहेर सोडायचा त्याची मर्यादा सांगणारं हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांकही हवाच, पण त्यात मुख्यतः सुरक्षितता तपासलेली असते, एवढं लक्षात असू द्या. दुसरं म्हणजे रोझेटपासून, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीपासून, मोडेमपर्यंतची वायर. आपल्याकडे ती बहुधा चपटी, सरळ असते. पीळ दिलेल्या जोडीत दोन्ही तारांवर कचरा सारखाच बसतो आणि मोडेम दोन तारांमधला फरकच वाचत असल्यामुळे तो आपोआप वजा होतो. चपट्या वायरला हे जमत नाही. म्हणून तिथे पीळवाली वायर टाका, शक्य तितकी आखूड, आणि विजेच्या वायरबरोबर एकाच प्लास्टिकच्या पट्टीत असेल तर तिथून बाहेर काढा. आमच्याकडे अडॅप्टर बदलला आणि वायर सरकवली, संध्याकाळचं मार्जिन 11 वर आलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चिमट्यासारखे बसणारे फेराइटचे मणी मिळतात, ते ड्रायव्हरच्या वायरवर लावून बघायला हरकत नाही, पण मुळात फिल्टरच नसलेल्या ड्रायव्हरला त्यानं फारसं वाचवता येत नाही.

आणि हो, मी उघडला म्हणून तुम्ही ड्रायव्हर उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तो 325 व्होल्टचा दाब काही वेळ टिकून राहू शकतो. छतातलं काम इलेक्ट्रिशियनकडूनच, मेन स्विच बंद करून.

आता फायबर. काचेतून प्रकाश जातो, त्याला या कचऱ्याचं काही घेणंदेणं नाही. वायफायही 2400 मेगाहर्ट्झ आणि त्याच्या वर चालतं, तिथवर ड्रायव्हरचा कचरा सहसा पोचत नाही. मोठ्या सोसायटीत वायफाय मंद असेल तर आजूबाजूच्या पंचवीस-तीस राउटरांची एकाच चॅनेलवर चाललेली गर्दी हे कारण आधी तपासा आणि जमेल तिथे 5 गिगाहर्ट्झवर जा. एक अपवाद माझ्या भाच्याकडे घणसोलीला बघितला. नेट फायबरचं, पण बेडरूमपर्यंत ते न्यायला त्यानं विजेच्या सॉकेटमध्ये लावायचे पॉवरलाइन अडॅप्टर घेतले होते. ते घरातल्या विजेच्या तारांतूनच, साधारण 2 ते 30 मेगाहर्ट्झमध्ये डेटा नेतात. बेडरूमचे सहा पॅनल लाइट लावले की वेग निम्म्याच्या खाली. त्याला साधी लॅन केबल ओढून दिली आणि विषय संपला.

आज संध्याकाळी दिवे लावण्याआधीचं आणि लावल्यानंतरचं मार्जिन इथे लिहा, सोबत मोडेम एडीएसएलचा आहे की व्हीडीएसएलचा तेही. मी बघून सांगतो.