सुपरमॅन पुन्हा नव्याने

प्रश्न : २०२५ मधला 'सुपरमॅन' पाहिला. आवडला असे म्हणवत नाही आणि फसला असेही म्हणवत नाही. जन्मकथा वगळल्यामुळे काही राहून गेले का?

उत्तर : मला तसे वाटत नाही. सुपरमॅनच्या जन्मग्रहाचा, क्रिप्टॉनचा, विनाश १९७८ आणि २०१३ च्या चित्रपटांत सविस्तर येऊन गेला आहे. तो पुन्हा दाखवण्यात काही हशील नव्हते. त्याऐवजी दिग्दर्शक जेम्स गन यांनी सुरुवातीलाच हरलेला, बर्फात कोसळलेला नायक दाखवला आहे. तो शिट्टी घालतो, क्रिप्टो हा त्याचा कुत्रा धावत येतो आणि मदत करण्याआधी त्याच्या ठेचकाळलेल्या अंगावरच उड्या मारतो, तेव्हा या अतिमानवाविषयी चटकन जिव्हाळा वाटतो. त्याची पत्रकार प्रेयसी लोइस हिच्या घरातली त्याची मुलाखत तर त्याहून सरस आहे, कारण परक्या युद्धात हस्तक्षेप करण्याचा अधिकार कोणी दिला, या तिच्या प्रश्नावर तो चिडतो आणि त्याचे भाबडेपण उघडे पडते.

तुमची रुखरुख बहुधा पुढल्या भागामुळे असावी. ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल, मिस्टर टेरिफिक अशी इतर सुपरहिरो पात्रांची भाऊगर्दी होते (त्यांतला टेरिफिक मला मनापासून आवडला, हे कबूल करतो), आणि शहर दुभंगण्याच्या संगणकीय दृश्यांच्या गदारोळात मुलाखतीतला तो अवघड प्रश्न मागे पडतो.