आधी कॅश फ्लो शिक, बाकीचं नंतर

भावा, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकतोयस आणि हिशोबातलं आधी काय शिकू विचारतोयस, वाचून बरं वाटलं. पण बॅलन्स शीटच्या (धंद्याची मालमत्ता आणि देणी दाखवणारा तक्ता) मागे लागण्याआधी कॅश फ्लो, म्हणजे पैसा खरंच हातात कधी येतो आणि कधी जातो, ते समजून घे, चांगले चालणारे धंदे तिथेच अडकतात. समज मार्चमध्ये तू एका कंपनीचं 1 लाखाचं काम केलंस, वर 18 टक्के जीएसटी, ते म्हणाले दोन महिन्यांनी देतो, पण तुझं रिटर्न मंथली असेल तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर तू आधीच भरलेला जीएसटी) वजा करून उरलेला जीएसटी 20 एप्रिलपर्यंत तुलाच भरायचाय, पोरांचे पगार आणि लोखंडवाल्याचं बिल वेगळंच. म्हणजे कागदावर नफा आणि खात्यात खडखडाट!

करंट अकाउंट वेगळं काढ, घरखर्चाला ठरलेलीच रक्कम उचल आणि दर शनिवारी येणं किती, देणं किती ते वहीत लिहीच, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर नंतर शिकलास तरी चालेल.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) लगेच कर, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नको. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे तुझं पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत यायला हवं, नाहीतर गिऱ्हाइकाला बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक जाहीर करते तो दर) तिप्पट व्याज लागतं, हे कोटेशनवरच छापून टाक. अ‍ॅडव्हान्स मागायला तर अजिबात लाजू नको.