तुळशीतलं तेल मोजणारं यंत्र कर्ज काढून घ्यावं का?

प्रश्न : चोपडा तालुक्यात माझी दोन एकर तुळस आहे. तीन कापण्या मिळून वर्षाला 20 क्विंटल वाळलेला पाला निघतो, व्यापारी किलोला 60 रुपये देतो. पानावर प्रकाश टाकून तेलाचं प्रमाण सांगणारं हातातलं यंत्र 3 लाख 20 हजारांना मिळतंय. कापणीची वेळ अचूक साधेल म्हणतात. 70 हजार घरचे आहेत, बाकीचं कर्ज काढू का?

उत्तर : भाऊ, आत्ता नको. अडीच लाख रुपये 12 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला साधारण 8,300 रुपये, म्हणजे वर्षाला लाखाच्या घरात. तुमची तुळशीची एकूण विक्रीच 1 लाख 20 हजारांची, आणि त्यातून कापणीची मजुरी अजून जायची आहे. शिवाय तुमचा व्यापारी वजनावर पैसे देतो. तेल 0.4 टक्क्यांवरून 0.5 वर गेलं तरी त्याचा काटा तेवढंच दाखवणार. उद्या त्यानं तेल बघून 20 टक्के जादा भाव दिला, तरी वर्षाला 24 हजारच वाढतील.

यंत्राची अडचण वेगळीच आहे. ते डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश पानावर टाकतं आणि किती परत आला ते मोजतं. पण ओल्या पानात जवळजवळ 80 टक्के पाणी आणि तेल अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पाणी हाच प्रकाश जोरात शोषतं, त्यात तेलाची खूण बुडून जाते. सकाळचं दव किंवा कालचं पाणी असलं की आकडा आणखी हलतो. पाला वाळवून, दळून मोजला तर आकडा भरवशाचा होतो, पण तोवर कापणी होऊन गेलेली असते! त्यातच यंत्राला तुमच्याच भागातल्या, प्रयोगशाळेत तपासलेल्या 50-60 नमुन्यांवर शिकवावं लागतं. तो खर्च विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये आहे का, हे आधी विचारा.

तुळशीला पहिली कापणी लावणीनंतर साधारण 90 दिवसांनी, मंजिऱ्या पूर्ण फुललेल्या आणि खालची पानं पिवळी पडू लागलेली असताना, जमिनीपासून वीतभर वर आणि कोरड्या उन्हाच्या दिवशी करा. खात्री हवी असेल तर क्लेव्हेंजर नावाचं काचेचं उपकरण काही हजारांत येतं. 100 ग्रॅम ताजा पाला पाण्यात तीन तास उकळायचा आणि नळीवर तेलाचे मिलिलीटर वाचायचे. फुलोरा सुरू झाल्यावर दर चार दिवसांनी हे केलं तर तेल कधी जास्तीत जास्त आहे ते एका हंगामात तुमच्या वहीत उतरेल. सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यांतून हिरवेपणा कळतो, तेल नाही. पावसाळ्यात ढगांमुळे तीही अनेकदा वाया जातात.

पीक कर्ज यंत्रात घालू नका, परतफेड लांबली तर वेळेवर भरणाऱ्यांची 3 टक्के व्याजसवलत जाते. 70 हजारांनाही हात लावू नका, शेतात केळीचं पीकही असेल तर मे-जूनच्या वादळात तेच उपयोगी पडतील. ती वही घेऊन आधी व्यापाऱ्याकडे जा आणि तेलाच्या टक्क्यावर भाव लेखी मागा. तो मिळाला तर तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीनं यंत्र घ्यावं, तीस-चाळीस जणांच्या मालावर त्याचा हप्ता बसतो.