61 आले, 38 जणांनीच रक्त दिलं
वाचकांचे प्रश्न : सेवा क्लब

प्रश्न : आमच्या क्लबने 1 मे रोजी सोसायटीच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर घेतलं. 61 जण आले, पण रक्त घेतलं 38 जणांचं. बाकीच्यांना तासभर रांगेत उभं राहिल्यावर परत पाठवलं. रक्तपेढीने उगाच नखरे केले, असं सभासदांचं म्हणणं आहे. चूक कुणाची? – सचिव, मुलुंड पूर्व

उत्तर : नखरे नव्हेत, नियम. आणि ते आदल्या दिवशी सांगण्याचं काम तुमचं होतं. वय 18 ते 65, त्यातही पहिल्यांदाच देणारा असेल तर साठीच्या आतला. वजन किमान 45 किलो. 450 मिलीची पिशवी भरायची तर 55 च्या वर. हिमोग्लोबिन किमान 12.5. आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे 90 आणि स्त्रियांचे 120 दिवस उलटलेले हवेत. वर्षभरात टॅटू काढलेला चालत नाही, मलेरियातून उठून तीन महिने झाले नसतील तरी चालत नाही.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती हिमोग्लोबिनवर, विशेषतः महिला सभासद. त्यावर शिबिराच्या दिवशी इलाज नसतो. पण उपाशीपोटी आलेला, रात्रपाळी करून थेट आलेला, आदल्या रात्री पार्टी केलेला, हे तिघं टाळता येतात. एकच मेसेज पुरतो : ‘उद्या पोहे-उपमा काहीतरी खाऊन या, निघताना दोन ग्लास पाणी प्या, रात्री नीट झोपा, आज दारू नको. कुठलंही औषध चालू असेल तर नाव लिहून आणा.’ तारीख ठरवताना पंचांगही बघा. संकष्टीला किंवा श्रावणी सोमवारी शिबिर ठेवलं की निम्मा हॉल उपवासाचा.

आता रांगेचं. बाहेरच्या शिबिराला रक्तपेढी साधारण एक डॉक्टर, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ आणि सहा ते आठ खाटा पाठवते. एवढ्या ताफ्यात तीन तासांत 50 ते 70 जणांचं रक्त घेता येतं. म्हणजे तुमचे 61 बसायला हवे होते. मात्र 1 मे म्हटलं की झेंडावंदन उरकून सगळे एकदमच हॉलमध्ये येतात, आणि तिथेच गाडी अडते. तासाला वीस अशा वेळा आधी वाटून द्या. वजनकाटा दाराशीच ठेवा. 43 किलोच्या मुलीला फॉर्म भरून, रांग लावून मग ‘नाही’ ऐकायला लागू नये.

चक्कर येते ती बहुतेकदा खाटेवर नाही, बिस्किटांच्या टेबलापाशी. माणूस झटकन उठतो, उकाड्यात उभा राहतो आणि कोसळतो. म्हणून तिथे एक स्वयंसेवक कायम, पंखा चालू आणि दोन रिकाम्या सतरंज्या. चक्कर आली तर आडवं करून पाय वर उचलायचे, बसवून तोंडाशी पाणी धरायचं नाही. पंधरा मिनिटं बसल्याशिवाय कुणाला सोडू नका, आणि लगेच लोकलच्या दारात उभं राहू नका असं बजावून सांगा.

भेटवस्तूंच्या भानगडीत पडू नका. मिक्सरसाठी आलेला माणूस मागच्या महिन्यातला ताप सांगत नाही. रक्ताच्या तपासण्या होतात, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तो तपासणीतही निसटू शकतो. प्रश्नावलीला खरं उत्तर मिळणं म्हणूनच महत्त्वाचं. चहा, बिस्कीट, प्रमाणपत्र पुरे.

एक सूचना तारखेबद्दल. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी मुंबईत गल्लोगल्ली शिबिरं असतात. पण तेव्हा जमलेलं रक्त फार काळ साठवता येत नाही : तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त पाच. मेच्या मध्यावर अर्धी मुंबई गावी गेलेली असते, दिवाळीतही तीच गत. रक्तपेढीला आधी विचारा की तुम्हाला कधी कमी पडतं. तेव्हाचे 30, 15 ऑगस्टच्या 100 पेक्षा उपयोगी.

प्रश्न : आम्ही बारा मित्र तीन वर्षं वर्गणी काढून काम करतो. नोंदणी करावी, की एखाद्या आंतरराष्ट्रीय क्लबला जोडून घ्यावं? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : बाहेरच्या लोकांकडून पैसे घेत असाल तर नोंदणी हवीच. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. सात सभासद असले की 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था होते. महाराष्ट्रात तिची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. मुंबईचं कार्यालय वरळीला.

रोटरी (शिकागो, 1905) किंवा लायन्स (शिकागोच, 1917) यांचा नवा क्लब काढायला किमान वीस सभासद लागतात. बारात भागणार नाही. शिवाय वर पाठवायची फी सभासदांच्या खिशातून जाते, हे आधी सगळ्यांना सांगा. पहिल्या वर्षाअखेर गळती लागते ती यावरूनच.

खरी मेख पुढे आहे. या क्लबांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, हिशेबाचं 1 एप्रिलला. अध्यक्ष जुलैत बदलतो, ऑडिट आधीच्या खजिनदाराच्या पावत्यांवर चालतं, आणि तो तोवर मोकळा झालेला असतो. हार घालण्याआधी पावतीपुस्तकं, न वापरलेले चेक आणि बँकेचा उतारा मोजून ताब्यात घ्या. संस्थेचे विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज 90 दिवसांत द्यावा लागतो. एक वर्षाचा राहिला की पुढचेही त्याच्यामागे तुंबतात आणि बँक सह्या बदलून देईना होते. देणगीदारालाही सांगा : 2000 रुपयांवरची रोख देणगी प्राप्तिकराच्या सवलतीला धरत नाहीत.

प्रश्न : दादर चौपाटीवर स्वच्छता मोहीम घेतली. गोण्या उचलता येईनात, चार फाटल्या. – युवा शाखा, माहीम

उत्तर : गोण्यांत कचऱ्यापेक्षा ओली वाळू जास्त होती. फावडं वापरलंत की असंच होणार. दातेरी पंजा घ्या, उचललेलं एकदा झटका आणि गोणी अर्धीच भरा. वाळूत रुतलेली साडी किंवा जाळं ओढत बसू नका. दिसतं तेवढं कात्रीने कापा, नाहीतर सहा जणांची सकाळ एका साडीत जाते. हातमोजे रबराचा थर दिलेले हवेत. सुया आणि काचा झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये वेगळ्या.

वेळ ओहोटीची बघा, रविवार सकाळची नव्हे. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. तळाच्या ओहोटीआधी दोन तास सुरू करा. महापालिकेच्या जी-उत्तर विभाग कार्यालयाला आठवडाभर आधी पत्र देऊन कचऱ्याची गाडी किती वाजता, कुठे येणार ते ठरवून घ्या. गाडी नसेल तर किनाऱ्यावर रचलेल्या गोण्या पुढच्या भरतीला परत समुद्रात. वर्सोवा किनाऱ्याची स्वच्छता मोहीम 2015 पासून दर आठवड्याला चालली म्हणून फरक दिसला. वर्षातून एकदा दोनशे माणसं नेण्यापेक्षा दर पंधरवड्याला वीस न्या.

प्रश्न : आम्ही नेत्रदानाचे 300 अर्ज भरून घेतले. प्रत्यक्षात एकही नेत्रदान झालं नाही. – एक वाचक, गिरगाव

उत्तर : अर्ज कपाटात राहतो आणि त्या वेळी निर्णय घरचे घेतात. अर्ज भरला नसला तरी घरच्यांच्या संमतीने नेत्रदान होतं. उलट अर्ज असून घरच्यांनी नाही म्हटलं तर होत नाही. म्हणून अर्जावर सही घेताना शेजारी मुलगा-सून बसलेले हवेत.

मृत्यूनंतर हाताशी सहा तास असतात. पापण्या मिटवायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर थोडं उंच, पंखा बंद. एसी असेल तर चालू राहू दे. मृत्यूचा दाखला तयार ठेवून नेत्रपेढीला फोन केला की पथक घरी येतं, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन, यातलं काहीही आड येत नाही. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर छापलेले 300 स्टिकर करून घ्या आणि त्या तीनशे घरांच्या दारामागे स्वतः जाऊन चिकटवा.